ध्वज आणि राष्ट्रगीत यांच्यामध्ये काही घालू नका

प्रति,
राज्यातील शाळांचे मुख्याध्यापक, ग्रामपंचायतींचे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष व सचिव यांस,

स.न.वि.वि.

ध्वजारोहणाच्या कार्यक्रमात गावातल्या धारातीर्थी पडलेल्या जवानांची आठवण काढायची रीत आता बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. रीत चांगली आहे. आमची तक्रार आहे ती कार्यक्रमात तिला मिळणाऱ्या जागेबद्दल. पाहुणे दोरी ओढतात, ध्वज उलगडतो, पाकळ्या पडतात, मुले सलामीत उभी असतात आणि तेवढ्यात माइकवरून आवाज येतो, 'आता आपण शूर जवानांना एक मिनिट श्रद्धांजली वाहूया.' कपाळावरचा हात खाली घ्यायचा की तसाच ठेवायचा, कोणालाच कळत नाही. मान खाली घालावी तर नजर ध्वजावरून निघते. वीस-पंचवीस सेकंद जेमतेम जातात आणि कोणीतरी 'राष्ट्रगीत शुरू कर' म्हणून मोकळा होतो. मान ना ध्वजाला नीट मिळतो, ना जवानांना. काही ठिकाणी याच्या उलट होते. श्रद्धांजली भाषणे आणि बक्षीसवाटप यांच्यामध्ये ढकलली जाते आणि तोवर निम्मी मुले खाऊच्या रांगेत पोचलेली असतात.

आमचे म्हणणे एवढेच आहे: श्रद्धांजली ध्वजाच्या आधी घ्या. ती पूर्ण झाली की ध्वज, ध्वजाला लागून सलामी आणि सलामीला लागून राष्ट्रगीत. या तिघांमध्ये फट नको.

हा क्रम आमच्या मनचा नाही. भारतीय ध्वजसंहिता, २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी कवायत दिलेली आहे आणि ती फारच कमी शाळांत वाचली जाते. विद्यार्थ्यांनी चौकोनाच्या तीन बाजूंना उभे राहायचे, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थी-प्रमुख आणि ध्वज फडकवणारी व्यक्ती स्तंभाच्या तीन पावले मागे. दोन ओळींत किमान ३० इंच अंतर. वर्गप्रमुख विद्यार्थी-प्रमुखाला आणि विद्यार्थी-प्रमुख मुख्याध्यापकांना सलामी देऊन तयारी कळवतो. ध्वज फडकवण्याच्या अगदी आधी सावधान, ध्वज फडकताच सलामी, थोड्या वेळाने हात खाली, लगेच राष्ट्रगीत, आणि प्रतिज्ञा असेल तर ती राष्ट्रगीतानंतर. या साखळीत मौनाला कुठेच जागा नाही. दिल्लीतही २६ जानेवारीला पंतप्रधान आधी राष्ट्रीय युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहतात आणि मग कर्तव्यपथावर येतात. तिथे राष्ट्रपती ध्वज फडकवतात आणि राष्ट्रगीत व २१ तोफांची सलामी एकदमच सुरू होते. ५२ सेकंदांत दोन्ही संपते. तोफखान्याला जे जमते ते माइकवाल्याला जमायला हरकत नाही.

आता वेळेचे. मुख्य शासकीय समारंभाला सर्वांना जाता यावे म्हणून सामान्य प्रशासन विभागाचे परिपत्रक दरवर्षी एक वेळ मोकळी ठेवायला सांगते. गेली अनेक वर्षे १५ ऑगस्टला ही वेळ सकाळी ८.३५ ते ९.३५, २६ जानेवारीला ८.३० ते १० आणि १ मे रोजी ७.१५ ते ९ अशी आहे. त्या वर्षीचे परिपत्रक हाती घेऊनच कार्यक्रम छापा. १५ ऑगस्टला ८ वाजता ध्वज फडकवायचा धरला तर ७.४५ पर्यंत रांगा लागलेल्या हव्यात. ७.५० ला नावांचे वाचन, ७.५४ ला पुष्पचक्र, ७.५६ ते ७.५८ मौन, मग दोन मिनिटांत पाहुणे स्तंभापाशी. शेवटची दोन मिनिटे बोलण्यासाठी नाहीत. मान वर करून, अंग सावरून ध्वजाकडे तोंड करायला लोकांना तेवढा वेळ लागतो. तिथे 'पाहुण्यांचा अल्पपरिचय' घुसवण्याचा मोह निवेदकांना फार होतो. परिचय आधी उरका.

नावांचे वाचन हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा भाग आहे. 'आपल्या तालुक्यातील सर्व शहीद' असे म्हटले की कोणाचीच आठवण निघत नाही. नाव वाचायचे तर हुद्दा, नाव, पलटण, ठिकाण आणि तारीख एवढे हवेच. उदाहरणच द्यायचे तर असे: 'नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री, इटली, १० जुलै १९४४, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.' सावकाश वाचले तर दहा-बारा सेकंद. म्हणजे दहा नावे दोन मिनिटांत होतात. त्याहून जास्त असतील तर दरवर्षी थोडी थोडी वाचा, पण वाचायची ती पूर्ण वाचा. हुद्दा बढतीनंतरचा, म्हणजे वीरमरण आले त्या वेळचा. 'मेजर' हे कोणाच्याही नावामागे लावायचे आदरार्थी पद नव्हे. नायक की नाईक, शिपाई की गनर की सॅपर, हे कागदावर पाहून लिहा. यादी गावातल्या फलकावरून उतरवू नका, फलकांवरच चुका फार असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांची नोंद असते. तिथे पंधरा दिवस आधी अर्ज द्या, आठवडाभर आधी घरच्यांना प्रत्यक्ष भेटून नावाचा उच्चार विचारून घ्या.

जुन्या गावांत चावडीवर किंवा वेशीपाशी पहिल्या महायुद्धाचा दगडी फलक असतो: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले. त्यावर बहुधा फक्त आकडे असतात, नावे नसतात. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे (मिलिटरी) गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. अशा ठिकाणी आकडा वाचला तरी चालेल. नावे हवी असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. मात्र इंग्रजी कारकुनांनी लिहिलेली मराठी नावे ओळखताना डोके लावावे लागते. पलटण आणि गावाचे नाव जुळल्याशिवाय आपल्या यादीत घेऊ नका.

शब्दांबद्दलही थोडे. सैन्यदलाच्या अधिकृत भाषेत 'शहीद' ही संज्ञा नाही. मराठीत तिची गरजही नाही. 'धारातीर्थी पडले', 'वीरमरण आले', 'वीरगती' हे शब्द आपले आहेत, पण ते लढाईतल्या मृत्यूचे शब्द आहेत. कर्तव्यावर असताना अपघाताने किंवा आजाराने निधन झालेल्या जवानाला तलवारीच्या धारेवर पडलेला म्हणणे खोटे ठरते, आणि त्याच्या मानात त्याने भरही पडत नाही. 'कर्तव्य बजावताना निधन' असे सरळ म्हणा. १ मे रोजी आठवण असते ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांची. त्या दिवशी जवानांची यादी त्यांच्यात मिसळू नका.

घरच्यांना बोलावले असेल तर पहिल्या रांगेत, सावलीत, पाठ टेकायची खुर्ची. पुष्पचक्र त्यांच्या हातून वाहायचे की नाही हे आधी विचारा. व्यासपीठावर ऐनवेळी 'दोन शब्द बोला' म्हणू नका. वीरपत्नीला साडी-चोळी देऊन फोटो काढण्याचा जो प्रकार चालतो, त्याबद्दल आम्ही न लिहिलेलेच बरे.

मौन दोन मिनिटांचे ठेवा आणि ते घड्याळावर मोजा. ३० जानेवारीच्या हुतात्मा दिनाची पद्धत नमुना म्हणून घेता येईल. तेव्हा १०.५९ ते ११ भोंगा वाजतो, दोन मिनिटे शांतता, ११.०२ ते ११.०३ पुन्हा भोंगा. म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही आवाजाने कळतात, कोणी बोलत नाही. तुमच्याकडे शाळेची घंटा आहे. एक टोला सुरुवातीला, एक शेवटी. बिगुल वाजवणारा असेल तर आधी 'लास्ट पोस्ट', मौन, मग 'राउझ'. नवशिका असेल तर घंटाच बरी. एक माणूस फक्त मोबाइलवरच्या सेकंदांकडे पाहील, त्याला दुसरे काम देऊ नका. मौनात बासरीची ध्वनिफीत लावू नका, मौन म्हणजे मौन. 'अमर रहे'च्या घोषणा द्यायच्याच असतील तर शेवटच्या टोल्यानंतर, ध्वजाच्या आधी. शिवाय मुलांना सांगून ठेवा की उभे राहताना गुडघे करकचून ताठ करायचे नाहीत आणि उपाशीपोटी यायचे नाही. चक्कर येऊन पडणारी मुले बहुतेक या दोन कारणांनी पडतात.

जवानाचा फोटो वेगळ्या टेबलावर, स्तंभापासून निदान पाच-सात पावले बाजूला ठेवा. फोटोला हार चालतो. ध्वजस्तंभाला चालत नाही. स्तंभावर किंवा त्याच्या वर फुले, हार, कोणतीही वस्तू लावू नये असे संहितेत स्पष्ट आहे, तरी झेंडूचे तोरण गुंडाळलेला खांब हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य. टेबलावर तिरंगा पसरायचा नाही, स्मारकाच्या अनावरणाला पडदा म्हणून वापरायचा नाही. कापड म्हणून पांघरायचा अपवाद फक्त राजकीय इतमामाच्या आणि सैन्यदल व निमलष्करी दलांच्या अंत्यविधीचा. तिथे केशरी पट्टा डोक्याकडे येतो, आणि ध्वज चितेत किंवा कबरीत जात नाही, आधी काढून घेतात. माजी सैनिकाच्या घरगुती अंत्ययात्रेत आपल्या मनाने ध्वज पांघरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा. स्तंभाच्या पायथ्याची रांगोळी हाही असाच मुद्दा. अशोकचक्रासह तिरंगा काढला की पाहुणे पहिले पाऊल त्याच्यावरच टाकतात. साधी फुलांची रांगोळी काढा.

श्रद्धांजली म्हणून १५ ऑगस्टला ध्वज अर्ध्यावर ठेवणे ही चूक प्रेमापोटी होते. स्वातंत्र्य दिन, प्रजासत्ताक दिन, गांधी जयंती, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह आणि राज्याचा स्थापना दिन या दिवसांत ध्वज अर्ध्यावर उतरवत नाहीत. अपवाद ज्या इमारतीत पार्थिव ठेवलेले असेल तिचा, आणि तोही पार्थिव हलेपर्यंतच. इतर दिवशी शासनाने दुखवटा जाहीर केला तर ध्वज आधी टोकापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी पुन्हा टोकापर्यंत नेऊन मग उतरवायचा. थेट अर्ध्यावर नेऊन बांधलेला ध्वज अडकल्यासारखा दिसतो, आणि बऱ्याचदा तो खरोखरच अडकलेला असतो.

त्यावरून दोरीकडे येतो. समारंभ फसतो तो बहुधा इथेच.

ध्वजाचे प्रमाण ३:२, चक्र निळे, २४ आऱ्यांचे. प्रमाणित आकार नऊ आहेत. २० फुटी स्तंभाला १८०० × १२०० मिलिमीटर किंवा १३५० × ९०० मिलिमीटरचा ध्वज शोभतो. ९०० × ६०० चा तिथे रुमालासारखा दिसतो. खादी, सुती, रेशमी, लोकरी चालतोच. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टर आणि यंत्रावर तयार केलेलाही चालतो. खादीचा हवा असेल तर नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडून किंवा खादी भांडारातून आधीच मागवा. १४ ऑगस्टला बाजारात मिळतात ते पुष्कळदा प्रमाणात चुकलेले, चक्र एकाच बाजूला छापलेले. फाटका, विटलेला ध्वज लावायचा नाही. प्लास्टिकचे ध्वज तर विकतच घेऊ नका.

दोरी स्तंभाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर दीड-दोन मीटर. सुती दोरी पावसात फुगते, कप्पीत अडकते आणि १५ ऑगस्टला पाऊस असतोच. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची नायलॉनची चांगली. फार बारीक घेतली तर ती कप्पीच्या चाकावरून उतरून बाजूच्या पट्टीत जाऊन बसते आणि मग शिडीशिवाय इलाज नाही. कप्पी आठवडाभर आधी उतरवून, घासून, तेल घालून पुन्हा बसवा. १४ तारखेला सराव करा, पण ध्वजाने नाही, तेवढ्याच आकाराच्या पांढऱ्या कापडाने. दहा वेळा चढवून-उतरवून बघा. ओल्या दोरीने बघा. पाहुणे वयस्क असतील तर ओढायला लागणारा जोरही बघा.

ध्वजाच्या स्तंभाकडच्या शिवलेल्या पट्टीत दोरी ओवलेली असते. तिच्या केशरीकडच्या टोकाला आदल्या दिवशीच रंगीत दोरा बांधून खूण करा. पहाटे अंधारात, घाईत, एकट्याने बांधलेला ध्वज उलटा जातो. बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा, अशी दोन माणसे हवीत. घडी घालताना ध्वज सतरंजीवर किंवा टेबलावर, जमिनीवर नाही. लांबीच्या दिशेने पट्ट्यांवर पट्ट्या घ्या, मग मोकळ्या बाजूकडून स्तंभाच्या बाजूकडे गुंडाळत या. पाकळ्या ठेवायला संहितेची परवानगी आहे, पण एक ओंजळ पुरे, त्याही कोरड्या. ओल्या गुलाबाच्या पाकळ्या खादीला चिकटतात, डाग पडतो आणि वजनाने गुंडाळी वरच लोंबत राहते. वरून दोरीची सुरगाठ. इथे सवयीने निरगाठ बसते आणि मग पाहुणे दोरीला झटके देत बसतात. सुरगाठीचे ओढायचे टोक हातभर लांब ठेवा आणि ते पाहुण्यांच्या हातात द्या. दुसरी दोरी तुमच्या माणसाच्या हातात राहू दे. पाहुणे चुकीची दोरी ओढतात, त्यात त्यांचा दोष नसतो.

ध्वज टोकाला बांधून फडकवायचा की खालून चढवायचा, यावर दरवर्षी वाद होतो. लाल किल्ल्यावर १५ ऑगस्टला तो खालून वर नेतात, कर्तव्यपथावर २६ जानेवारीला वर बांधलेला उलगडतात. शाळेच्या कवायतीत तसा भेद दिलेला नाही. आमचे मत विचाराल तर पावसाळ्यात खालून चढवणेच सोयीचे: गाठ नाही, पाकळ्या नाहीत, उलटा असेल तर हातभर वर जाण्याआधीच दिसतो. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश.

तरीही चुकलेच तर? ध्वज उलगडला नाही किंवा उलटा गेला तर राष्ट्रगीत सुरू करायचे नाही. सगळे सावधानमध्येच उभे राहतील, ध्वज शांतपणे खाली घ्या, दुरुस्त करा, पुन्हा चढवा, मग सलामी आणि राष्ट्रगीत. एक मिनिट जाते, बिघडत काही नाही. उलट्या ध्वजाखाली राष्ट्रगीत रेटून नेले की दुसऱ्या दिवशी तोच फोटो फिरतो. कायदा जाणूनबुजून उलटा लावण्याला गुन्हा म्हणतो. पण मुद्दाम केले नाही हे सिद्ध करत बसण्यापेक्षा एक मिनिट थांबणे स्वस्त.

आज्ञांचा शब्दसंच एकच ठरवा. क्रीडाशिक्षक 'दक्ष' म्हणतात, एनसीसीची मुले 'सावधान'ची वाट बघतात आणि अर्धा चौकोन हलतच नाही. गणवेशातले सलामी देतील, शाळेच्या कवायतीत मुलेही देतील. पालक, ग्रामस्थ, सोसायटीतले रहिवासी यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहिले की झाले. छातीवर हात ठेवायची पद्धत आपली नाही.

राष्ट्रगीत शक्यतो म्हणा, वाजवू नका. वाजवायचेच तर ध्वनिफीत फोनमध्ये उतरवून ठेवा आणि फोन विमान अवस्थेत टाका. नाहीतर मध्येच जाहिरात लागते किंवा कोणाचा तरी फोन येतो. बँड असेल तर आधी ढोलाचा गजर, संथ चालीच्या सात पावलांएवढा: हळू सुरू होऊन चढत जाणारा, पुन्हा उतरणारा, मग एका ठोक्याची शांतता आणि राष्ट्रगीत. गाताना सुरुवातीचा सूर खाली धरा. तीन वेळा येणाऱ्या 'जय हे'ला सूर सर्वांत वर चढतो आणि वर सुरू केलेल्यांचे आवाज तिथे फाटतात. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. तुमचे सत्तरपर्यंत जात असेल तर चाल रेंगाळते आहे, टाळीवर सराव घ्या. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्याला राज्यगीत आहे. ते राष्ट्रगीतानंतर.

संध्याकाळी ध्वज उतरवायला कोण येणार, हे सकाळच्या पत्रिकेतच नावासह लिहा. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने उघड्यावर रात्रंदिवस ध्वज ठेवता येतो, पण तुमच्याकडे दिवा आणि राखणदार नसेल तर सूर्यास्ताला उतरवलेलाच बरा. १५ ऑगस्टला पूर्व विदर्भात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, कोकणात सातनंतर. सकाळी चारशे माणसे असतात, संध्याकाळी एकटा शिपाई, आणि सुट्टी असल्याने तोही नसतो.

भिजलेला ध्वज घडी करून कपाटात ठेवू नका. हिरवा आणि केशरी पांढऱ्यावर उतरतो आणि पुढच्या २६ जानेवारीला डबा उघडल्यावर ते कळते. सावलीत, आडव्या दोरीवर, जमिनीला न टेकता वाळवा. मग केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, चक्र वर दिसेल अशी घडी करा. डब्यात नॅफ्थलीनच्या दोन गोळ्या, कापडाला न लागता. बाहेर चिठ्ठी चिकटवा: आकार, खरेदीचे वर्ष, केशरी टोकाच्या खुणेच्या दोऱ्याचा रंग, आणि त्या दिवशी वाचलेल्या नावांची यादी.

आपले,
गावोगावी ध्वजारोहणाची तयारी करून घेणारे काही क्रीडाशिक्षक, एनसीसी प्रशिक्षक आणि माजी सैनिक